कानामागे लागलेला चेंडू

आई, तुला सॉफ्टबॉल म्हणजे काय ते आधी सांगायला लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाय. पोरी खेळतात. एक पोरगी मधोमध उभी राहून खालून हात फिरवून चेंडू फेकते, दुसरी दांडक्यानं तो मारते आणि पळत सुटते, बाकीच्या हातात चामड्याचे पंजे घालून चेंडू अडवायला उभ्या. नाव सॉफ्ट, आणि हाडावर बसला तर नारळ बसल्यासारखा बसतो. तुझी नात मधोमध उभी राहून तो चेंडू फेकते. तिला पिचर म्हणतात. तू तिला पाहिलेलं नाय. तू गेलीस तेव्हा मीच चौथीत होते आणि माझी शाळा तिथंच थांबली, म्हणून अक्षर हे असं आहे. तुला तर वाचताच येत नव्हतं. तरी लिहितेय, कारण बोलायला लागले की मी ओरडते, असं घरातले सगळे म्हणतात, आणि आज मला ओरडायचं नाय. पोरगी आत झोपली आहे.

हा पोरींचा संघ शनिवार-रविवारी गावोगाव फिरतो. कधी सटाणा, कधी दिंडोरी, जिथं स्पर्धा असेल तिथं. जीप करायची, पोरी कोंबायच्या, बॅटांची पिशवी टपावर बांधायची. सोबत एक बाई लागते, तसा नियम आहे, आणि बाकीच्या आयांना नोकऱ्या, म्हणून दर वेळी मी. देवळाबाहेरचा फुलांचा गाळा तेवढे दोन दिवस जावेकडे सोपवते. ती कोमेजल्या शेवंतीवर पाणी मारून ताजी म्हणून खपवते, पण ते जाऊ दे. या वेळी नांदगावला होतं. एका शाळेचं मैदान, राहायला तिथलेच वर्ग, स्वयंपाक आमचा आम्ही. आणि रविवारच्या फायनलला राज्याच्या संघासाठी पोरी निवडणारी माणसं येणार होती. सहावीपासून पोरगी याच्यासाठी घराच्या भिंतीवर चेंडू मारतेय. भिंतीचा गिलावा पडला, शेजारीण भांडून गेली, मी पण पोरीला दोन धपाटे दिले, पण ती थांबली नाय. दहावीचं वर्ष आहे, यंदा निवड झाली तर पुढं कॉलेजला खेळाडू म्हणून घेतील, नाहीतर संपलं, असं सगळं तिनं मला जीपमध्ये समजावलं. मी म्हटलं, माझं डोकं खाऊ नको, डबा उघड.

शनिवारी दुपारी दुसरा सामना. मी शाळेच्या व्हरांड्यात कांदा चिरतेय, एक डोळा मैदानावर. समोरच्या संघातली एक दांडगी पोरगी बॅट घेऊन उभी. आपलीनं फेकला, तिनं मारला, आणि तो चेंडू जसा गेला तसाच सरळ परत आला. हिनं पंजा वर नेला, पण उशीर झाला. कानाच्या मागं. आवाज मला व्हरांड्यात ऐकू आला, कवठ फोडल्यासारखा. ती गुडघ्यावर बसली. सर धावले. सर म्हणजे त्यांना शिकवणारे, चांगला माणूस आहे, स्वतःच्या खिशातून पोरींना केळी आणतो. त्यांनी थंड फवारा मारला, डोळ्यांत पाहिलं. मी पोचेपर्यंत ती उभी राहून पँटची माती झटकतेय. म्हणाली, “काय नाय.” पोरींनी टाळ्या वाजवल्या, ती परत आपल्या जागेवर गेली, आणि तो सामना आम्ही जिंकलो.

आई, ही पोरगी एरवी असं बोलत नाय. इंग्रजी शाळेत जाते, माझ्या बोलण्याला हसते, ‘नाय’ म्हटलं की ‘नाही’ म्हणून दुरुस्त करते. पण मार लागला आणि तोंडातून तुझं बोलणं बाहेर आलं. तोच सूर, शेवट खाली सोडलेला, की पुढं कुणी काही विचारू नये. आपल्या घरातल्या बायका असंच म्हणत आल्या. चटका बसला, काय नाय. विळा लागला, काय नाय. बाळंतपणात पण म्हणायच्या असतील, मी तर म्हटलंच होतं.

तू टेम्पोतून पडलीस तेव्हा दसरा दुसऱ्या दिवसावर आला होता. मखमलाबादकडं आपला मळा, तिथून येताना तू झेंडूच्या पोत्यांवर बसलेली, वळणावर गचका बसला आणि खाली आलीस, डोकं दगडावर. रक्त आलं नाय. बाबांनी टेम्पो थांबवला, तू उठून लुगडं सारखं केलंस, काय नाय म्हणालीस आणि परत पोत्यांवर चढलीस. घरी येऊन भाकऱ्या थापल्यास. मग आपण सगळे फुलांना बसलो. बाबा झेंडू ओवतायत, तू शेवंतीची वेणी बांधतेयस, मी तुला फुलं देतेय. माझ्या हातात फूल आहे, मी धरून बसलेय, आणि तू ते घेत नाहीस. तू नुसत्या दोऱ्याला गाठ मारलीस. मग दुसरी. फुलाशिवाय वीतभर वेणी झाली, नुसत्या गाठींची. मी म्हटलं, आई, फूल कुठंय? तू दोऱ्याकडं पाहिलंस, मग माझ्याकडं, आणि म्हणालीस, काय नाय. बाबा म्हणाले, थकली आहे, झोपू दे तिला. सकाळी सगळं नाशिक दाराला तोरणं लावत होतं आणि आपल्या दारात माणसं जमली होती.

तर शनिवारी पोरी जेवायला बसल्या. मी वाढतेय. जिंकल्यामुळं सगळ्या तोंड सुटल्यासारख्या बोलतायत. तुझी नात म्हणाली, त्या अंपायरचं पोट एवढं पुढं आहे की कॅचर त्याला टेकून झोपू शकते. कॅचर म्हणजे हिनं फेकलेला चेंडू झेलणारी, हिची मैत्रीण, अंपायर तिच्या मागंच उभा असतो. सगळ्या खदखदून हसल्या. मी आमटी वाढून पुढं गेले तोवर हिनं तेच परत सांगितलं, तसंच हातवारे करून. पोरींना वाटलं मुद्दाम करतेय, परत हसल्या. भात आला तेव्हा तिसऱ्यांदा. तेव्हा ती कॅचर म्हणाली, “टेप अडकली का ग तुझी?” आणि हसण्याचा नुसता पूर आला. हसत नव्हती ती आपली पोरगी. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत होती, या कशाला हसतायत म्हणून.

मी भाताची परात तिथंच ठेवून सरांकडं गेले. सरांनी तिला बाहेर बोलावलं, नाकाला बोट लावायला लावलं, एका पायावर उभं केलं, रेघेवरून चालवलं. सगळं बरोबर केलं तिनं. माझ्याकडं असं बघत होती की मी तिचं काही चोरलंय. सर म्हणाले, ताई, ठणठणीत आहे पोरगी, मस्करी करतात या मुली. नवऱ्याला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तुझ्या आईचं भूत पोरीच्या डोक्यात घालू नको. तिला खेळू दे.” तो वाईट माणूस नाय. त्याला पण निवड हवी आहे, पोरीच्या बुटांसाठी त्यानं जादा पाळ्या केल्यात. मी पोरीशेजारी अंथरूण टाकलं. ती रात्र कशी गेली ते लिहीत नाय.

रविवारी सकाळी मी नळावर पातेलं घासतेय, तर ती कॅचर पोरगी शेजारी येऊन उभी. उगाच हात धुतेय. मग खाली बघून म्हणाली, “मावशी, ती माझी बोटं वाचत नाहीये. एक दाखवलं तर दुसराच चेंडू टाकते. काल शेवटी शेवटी मी दाखवायचंच सोडून दिलं, नुसता येईल तो झेलला.” ती बोटांनी खूण करते, एक म्हणजे जोरात, दोन म्हणजे हळू, तसं हिनं फेकायचं, अशी यांची भाषा. मी म्हटलं, मग सरांना सांग की. तर म्हणते, तिनं शपथ घातलीय. एवढी एवढी कार्टी, शपथा घालतात.

फायनल सुरू झाली. मांडवात निवडीची माणसं खुर्च्यांवर बसलेली, डोक्याला टोप्या, हातात चहा. आणि आई, ती काय खेळली. समोरच्या पोरी येतात, हवेत बॅट फिरवतात, तोंड पाडून परत जातात. मांडवातली माणसं एकमेकांकडं वळून मान हलवायला लागली. सर माझ्याकडं बघून हसले, पाहिलंत ना ताई, असं. आणि मला पण वाटायला लागलं की मीच वेडी, म्हातारी होण्याआधीच म्हातारी झाले. मी खाली बसले सुद्धा. तेवढ्यात ती कॅचर चेंडू हातात घेऊन बुटाची नाडी बांधायला वाकली. चेंडू तिच्याकडं. आणि माझ्या पोरीनं पाय पुढं टाकला, हात मागं नेला, गरकन फिरवला आणि फेकला. हातात काही नव्हतं. फेकून ती वाट बघत उभी राहिली, चेंडू पोचायची.

कुणाला त्यात काही दिसलं नाय. सर नंतर म्हणाले, तशा सगळ्याच नुसता हात फिरवून घेतात, सराव असतो तो. असेल. मी चपला घालून होते, तशीच चुन्याची पांढरी रेघ ओलांडून मैदानात गेले. अंपायरनं शिट्टी मारली, अहो बाई, अहो बाई म्हणत मागं आला. मांडवातली माणसं उठून उभी राहिली. मी तिचं मनगट धरलं. ती हळू आवाजात बोलली, कुणाला ऐकू जाऊ नये एवढं. “आज मला इथून नेलंस तर मी तुला परत मम्मी म्हणणार नाही.”

मी म्हटलं, “नको म्हणू. चल.”

सर आडवे आले, हात जोडले, ताई फक्त अर्धा तास, म्हणाले. मी त्यांना बाजूला सारलं. तिच्या जागी दुसरी पोरगी उभी राहिली आणि आम्ही फाटकाशी पोचेपर्यंत समोरच्यांनी तिचा चेंडू लांब मारलेला, आरडाओरडा ऐकू येत होता. माझी पोरगी वळून बघत पण नव्हती. ताठ चालत होती, परक्या बाईबरोबर चालावं तशी. नांदगावचा दवाखाना म्हणाला, डोक्याचा फोटो नाशिकलाच काढा. एसटीत मी तिला झोपू दिलं नाय. डोळा लागला की चिमटा. चांदवडच्या घाटात तिला उलटी झाली. घाटात कुणालाही होते, पुढच्या सीटवरची बाई पण पिशवी धरून बसली होती. मी ओढणीनं तिचं तोंड पुसलं आणि विचारलं, काय होतंय? तू ओळखलं असशील ती काय म्हणाली.

दवाखान्यात फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडासमोर धरून पाहिला आणि म्हणाल्या, काही नाही, आत सगळं स्वच्छ आहे. मेंदूला धक्का बसलाय, महिनाभर खेळ बंद, झोपू दे, पण लक्ष ठेवा, परत उलट्या झाल्या, बोलण्यात घोटाळा वाटला, तर थेट घेऊन या. पोरगी ऐकत होती. तिनं माझ्याकडं एकदाच पाहिलं, तेवढ्यानं मला पुरेसं कळलं. संध्याकाळी निरोप आला, फायनल हरले. निवड झाली ती कॅचरची. आपल्या पोरीचं नाव कुणी घेतलं नाय, अर्ध्या सामन्यातून आई ओढून नेते त्या पोरीवर कोण भरवसा ठेवेल, असं कुणीतरी मांडवात बोललं म्हणे. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. पोरगी तेवढंही नाय. काही हवं असलं तर ‘ऐकतेस का’ म्हणते, दिलेला शब्द पाळते, त्या बाबतीत तुझीच नात.

आत्ता दुपार आहे. ती फार झोपते हल्ली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या तशी झोपेलच, पण मला ती झोप आवडत नाय. मी उंबऱ्यात बसून लिहितेय आणि मधून मधून उगाच हाक मारते. आतून ‘हं’ येतं, रागानं. रागानं आलं की मला बरं वाटतं. काल एकदा हळू आलं तर मी जाऊन तिला उठवून बसवलं, मग ती रडली. सकाळी तिनं चहात साखर घातली आणि थोड्या वेळानं डब्याकडं परत हात नेला. मी बघत राहिले. तिनं हात मागं घेतला. कशाला नेला होता ते मी विचारलं नाय.

हा कागद कुणाला दाखवायचा नाय. घडी घालून दिव्याखाली ठेवेन, नाहीतर गाळ्यावर नेऊन त्यात कुणाच्या तरी पूजेची फुलं बांधून देईन. पण एक गोष्ट सांगून टाकते, ती तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखी नाय. डॉक्टरीणबाई काही नाही म्हणाल्या ना, तेव्हा मला आधी आनंद नाय झाला. क्षणभर मला वाटलं, एखादा बारीकसा ठिपका तरी निघायला हवा होता. मोहरीएवढा. सरांना दाखवायला, नवऱ्याला दाखवायला, तिला दाखवायला. मी तो मागितला, आई, मनातल्या मनात, पण मागितला. ते मी परत घेतलंय. त्याच दिवशी घेतलं, रोज घेते. फक्त असलं मागणं परत घ्यायचं कुणाकडून असतं ते मला माहीत नाय, आणि तोवर ती आत झोपली आहे.