एकतिसाव्या गेटाची तक्रार

२ डिसेंबर
कॉलेज सोडून पंधरा दिवस झाले. इन्सब्रुकला बसून पुलांची गणितं करणाऱ्यांना बर्फ काय कळणार! निश्चय: यंदा एकदा तरी स्लालमला, म्हणजे दांड्यांच्या गेटांतून नागमोडी स्की करत उतरायच्या शर्यतीत, पहिल्या पाचांत यायचं. म्हणजे प्रांताच्या संघात जागा. एकदाच. सोपं आहे.
संघात गेलो की वेरेनाला विचारणार. ती क्लबच्या वर्कशॉपात स्कीच्या कडा घासते. माझ्या कडांवरून तिचा हात जरा जास्तच वेळ फिरतो. मी पाहिलंय.

१४ डिसेंबर
पहिली शर्यत. सुटायचा नंबर ५८. माझ्याआधी सत्तावन्न रेडे उतरून गेलेले, उताराची पार नांगरट. आठव्या गेटाला पडलो. बर्फाचा दोष. आमच्याच क्लबातला क्विरिन तिसरा. त्याचा नंबर सहा! सहा नंबर मिळाला तर माझी आईसुद्धा तिसरी येईल, असं मुद्दाम मोठ्यानं म्हणालो. आई मागेच उभी होती. म्हणे, निदान नवव्या गेटापर्यंत तरी गेले असते.

६ जानेवारी
एकोणतिसावा. घड्याळात गडबड असणार.
कोच सेपकाका म्हणतात, कास्पर, तू गेटांवर डाफरतोस, गेटं काही बाजूला होत नाहीत. म्हातारा चळलाय. शिवी गिळली. अर्धी.

२६ जानेवारी
वेरेनानं विचारलं, कडा अजून धारदार करू का? अर्थ स्पष्ट आहे. म्हणालो, तुझ्या नजरेइतक्या कर. तर म्हणाली, म्हणजे किती अंश? लाजते बिचारी.
मग क्विरिनच्या कडा अर्धा तास घासल्या. माझ्या दहा मिनिटांत. आपल्या माणसाचं काम पटकन होतं.

१६ फेब्रुवारी
पुन्हा पडलो. दांडे रोवणाऱ्या गाढवाशी भांडलो. सेपकाकांनी मानगूट धरून बाहेर काढलं. आता एकच शर्यत उरली, १५ मार्च, आमच्याच गावात. चला, निवांत तयारी होईल.

१५ मार्च, दुपारी
चौथा!!!
पहिल्या फेरीत तिसावा. तिसाव्याला दुसऱ्या फेरीत सगळ्यांच्या आधी सोडतात. कोरा बर्फ! मागून उन्हानं चिखल झाला, भलेभले लोळले. क्विरिन अकरावा. म्हणालो, बोल आता, बोकडा.
गेटांवर गावातलीच माणसं पंच असतात. एकतिसाव्याला वेरेना, हातात कार्ड-पेन्सिल. ते गेट तिनं मागून घेतलं असणार. उतरताना डोळे भरून तिला पाहिलं. तिची नजर लाजून खाली, थेट माझ्या पायांवर. बुटाला काहीतरी लागल्यासारखं वाटलं. प्रेमात वाटतं तसं.
फिनिशला निवेदकाचा माइक हिसकावून सांगून टाकलं, वेरेना, माझं तुझ्यावर प्रेम आहे! अख्ख्या गावानं टाळ्या वाजवल्या.

१५ मार्च, संध्याकाळी
मला बाद केलं. म्हणे एकतिसाव्या गेटाचा दांडा माझ्या दोन पायांमधून गेला. तिथंच थांबायला हवं होतं, म्हणे. कोण थांबतो?
पंधरा मिनिटांच्या आत लेखी तक्रार ठोकली. त्यात लिहिलं, गेटावरची पंच माझी साक्षीदार आहे, तिलाच विचारा.
विचारलं. तिनं कार्ड पुढे केलं. पेन्सिलीनं एक दांडा आणि दोन रेघा, एक अलीकडे, एक पलीकडे. म्हणाली, कास्पर, तू माझ्याकडे बघत होतास, मी तुझ्या स्कीकडे. सेपकाका हसले. मी खुर्ची लाथाडून निघालो. निकालाला थांबलो नाही. तक्रार भक्कम आहे, वेळ लागणारच.

२९ मार्च
संघाची यादी लागली. क्विरिन आहे. वेरेनासुद्धा आहे, संघाच्या स्की सांभाळायला. माझं नाव नाही. तक्रार लोंबकळतेय तोवर कसं असेल?
विचार केला, आपणच मोठं व्हावं. वर्कशॉपात गेलो. ती सामान भरत होती. म्हणालो, जा, तुझ्यासाठी तक्रार मागे घेतली.
ती म्हणाली, अरे, ती त्याच संध्याकाळी फेटाळली. तू दारापर्यंतही पोचला नव्हतास.
मला कुणी कळवलं नव्हतं.