नातवाच्या बाप्तिस्म्यावरून

बाई, आज रविवार. आमच्या नातवाला चर्चमध्ये नेऊन आणलं, माणसं जेवून पांगली, आणि मी वरच्या खोलीत येऊन तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या दोन खोल्यांच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. जिथं तुमचा ओटा होता तिथं एक मुलगा लोकांच्या फुटलेल्या काचा बदलत असतो. तरी तिथून गेलो की माझी मान आपोआप आत वळते. बुधवारची संध्याकाळ असली तर जास्तच.

बुधवारचा शास्त्राभ्यास तुमच्या स्वयंपाकघरात चालायचा, कारण बाहेरच्या खोलीत तुमचं शिलाईमशीन आणि लोकांच्या उसवलेल्या कपड्यांचे ढीग. विणकर मामा तेलुगूतलं शास्त्र घेऊन यायचे, दवाखान्यातल्या आयाबाई अक्कलकोटकडच्या, त्यांचं कन्नडमधलं, आणि तुमचं-माझं मराठी. एकच उतारा तिन्ही भाषांत वाचला जायचा. मी तेव्हा यंत्रमागावर जॉबर होतो, बिघडलेले माग चालू करून द्यायचो. दिवसभर तो खडखडाट ऐकून आल्यावर ते वाचन कानाला गार लागायचं. आणि मग तुमचा तो नियम. आपल्याला काय कळलं ते सांगण्याआधी, अगोदर बोललेल्याला काय कळलं ते सांगायचं. त्याची मान हलली तरच आपली पाळी. नाही हलली तर पुन्हा सांगायचं. तेवढ्यात चहा गार होऊन पुन्हा गरम व्हायचा.

द्राक्षमळ्यातल्या मजुरांची गोष्ट निघाली होती तो बुधवार मला अजून ऐकू येतो. मामा तावातावानं म्हणतायत, "सकाळपासून राबलेल्याला तेवढंच आणि सांजच्याला आलेल्यालापण तेवढंच? हे कसलं राज्य? मी मागावर बसूच कशाला?" आयाबाई पदर तोंडाला लावून हसतायत. "मामा, सांजच्याला आलेल्याच्या घरी लेकरं जेवत न्हाईत व्हय?" मग माझी पाळी येते. मी तेव्हा स्वतःला फार हुशार समजतो. म्हणतो, "मामांचं म्हणणं एवढंच की देवानं पण तुकड्यावर मजुरी द्यावी." सगळे हसतात, मामा हसत नाहीत. "मी असं न्हाय म्हणलो," एवढंच बोलतात आणि खाली बघतात. तुम्ही पोळी लाटायची थांबता. "शंभर मागांतला कुठला रडतोय ते तुला दारातून कळतं म्हणे. मग शेजारी बसलेला माणूस कसा कळत नाही रे?" बाई, पुढं स्वतःचा टॉवेलचा कारखाना काढला, मोठमोठ्या व्यापाऱ्यांची बोलणी खाल्ली, पण तसं कुणी बोललं नाही.

त्याच सुमारास मी तुम्हाला विचारलं होतं. एका पेठेत आपली एवढी चर्चं, सगळ्यांच्या हातात तेच शास्त्र, तरी बाप्तिस्म्याला एक म्हणतो पाणी शिंपडा, दुसरा म्हणतो पाण्यात बुडवा. कधीतरी सगळ्या ख्रिस्ती माणसांना शास्त्र एकसारखं कळेल का? तुम्ही म्हणालात, "तू दूध बघ, उतू चाललंय." मी दूध उतरवलं आणि पुन्हा विचारलं. तुम्ही म्हणालात, "या स्वयंपाकघरात चौघांना एकसारखं कळलं तर मी बुधवार बंद करीन. मग यायचं कशाला?"

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. यंदा नाही वाटलं.

आमची सून बार्शीची. तिच्या वडिलांचं बॅटरीचं दुकान, आणि वरच्या हॉलमध्ये त्यांची छोटी मंडळी जमते. लाल खुर्च्या, एक ढोलक, आणि कोपऱ्यात सिमेंटची टाकी, तिच्यात उतरून बाप्तिस्मा. आपल्याकडं लेकरू काही महिन्यांचं झालं की पाळक डोक्यावर पाणी घालतात. त्यांच्याकडं ज्याला कळतं त्यानंच घ्यायचा. लग्नाच्या वेळी या गोष्टीचं कुणालाच ओझं वाटलं नाही. नातू झाला, माझ्या बायकोनं पांढरा झगा शिवून कडेला लेस लावली, आणि सूनबाई हळूच म्हणाली, "आई, मी त्याच्या वतीनं विश्वास कसा ठेवू? त्याचा त्याला ठरवू द्या ना." बायकोच्या तोंडून निघून गेलं, "मग तोवर ते पोरगं कुणाचं म्हणायचं?" झालं. दुसऱ्या दिवशी सूनबाई लेकराला घेऊन माहेरी गेली. दिवाळीच्या आधी गेली ती नाताळ आला तरी परत नाही. मुलगा दर शनिवारी बार्शीला जातो आणि सोमवारी मुका होऊन येतो. करंज्या झाल्या, चांदणी टांगली, पण ज्याच्यासाठी टांगली तो नाही. आमची ही झगा काढायची, घडी मोडायची, पुन्हा घालायची. मला दिसत होतं, अजून थोडं ताणलं तर मुलगा बार्शीतच खोली बघणार.

म्हणून मी गेलो. व्याही दुकानातच होते. "सलाम पाव्हणं, बसा. भांडायला आलाय का न्यायला?"

"दोन्ही नाही. तुमचं म्हणणं तुम्हाला सांगायला आलोय."

"माजं मलाच?" ते हसले. "बरं, सांगा की."

मी म्हटलं, "तुमचं म्हणणं, लहान लेकरावर पाणी घालणं हा नुसता देखावा."

"न्हाय."

"म्हणजे आमचा बाप्तिस्मा खोटा."

"आवं न्हाय! खोटा कोन म्हनतंय?" ते उठले, शटर अर्धं ओढलं आणि समोर येऊन बसले. त्यांनाही लहानपणी पाणी घातलं होतं, मला माहीतच नव्हतं. त्यानंतर ते रजिस्टरातले ख्रिस्ती, आणि तिशीपर्यंत दारूतले. "बायकू माहेरी, पोरगी उपाशी. आन् मी छाती काडून सांगायचो, माजा बाप्तिस्मा झालाय म्हनून! पाव्हणं, त्या टाकीतनं वर आलो त्या दिवसापास्नं थेंब न्हाय घेतला." ती उपाशी पोरगी म्हणजे आमची सून. दाराच्या आड उभी होती, बांगडी वाजली म्हणून कळलं.

मी पुन्हा सांगितलं. "म्हणजे तुमच्या लेखी तो दिवस माणसाचा स्वतःचा असतो. नातवाच्या नशिबातला तो दिवस आम्ही त्याला न विचारता आधीच वापरून टाकू नये."

त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग मान हलवली. "व्हय. ह्ये हाय."

मग मी त्यांना माझं सांगितलं, तुम्हाला ठाऊक असलेलं. आई मला जन्म देऊन गेली, बाप परागंदा. पाणी घालताना मंडळी उभी राहिली आणि म्हणाली, आम्ही याला सांभाळू. आणि खरंच सांभाळलं, कुणाकडं सोमवारचं जेवण, कुणाकडं मंगळवारचं. लोक मला स्वतःच्या हिमतीवर वर आलेला म्हणतात, मी पण म्हणू देतो. सांगून झाल्यावर म्हटलं, "आता तुमची पाळी. माझं म्हणणं सांगा."

व्याह्यांनी डोकं खाजवलं. "तुमी म्हनता, त्ये पानी पोराचं न्हाय, मंडळीचं हाय. पोराला काय कळत नसताना चार मान्सं हुबी ऱ्हात्यात आन् म्हनत्यात, ह्यो आमचा. कुनी इचारलं न्हाय, कमावलं न्हाय, तरी आमचा." मला मान हलवायची होती, पण मान हलवली असती तर डोळ्यांतलं खाली आलं असतं. त्यांनी ते ओळखलं आणि वर पुस्तीही जोडली, "पन पाव्हणं, हुबं ऱ्हायाला पानी कशाला लागतंय?"

"शास्त्रात आहे," मी म्हटलं. "घराण्यासकट बाप्तिस्मा झाला असं लिहिलंय."

"त्या घरात पाळना हुता, असं लिवलंय का?"

"नव्हता, असं तरी कुठं लिहिलंय?"

आतून सूनबाई फिस्सकन हसली. ती गेल्यापासून तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "पप्पा, मंडळी पाण्याशिवाय उभी राहत असेल तर मी येते."

आमचे पाळक तरुण आहेत. म्हणाले, उपासनेच्या क्रमात असं काही बसत नाही. मी म्हटलं, बसत नाही, पण मनाई आहे का? त्यांनी पुस्तक खालीवर केलं आणि बरं म्हणाले. बायकोनं झगा घडी करून ट्रंकेच्या तळाशी घातला, ते मला जास्त जड गेलं. आज सकाळी मात्र झगा इस्त्री करून तिनंच सूनबाईच्या हातात दिला. पाळकांनी लेकरू उचललं, आशीर्वाद दिला, आणि विचारलं, याला कोण सांभाळणार? मंडळी उठली. मागच्या बाकांवर बार्शीची माणसं होती, तीही उठली. पाणी नव्हतं, बाई. मला त्याची उणीव भासली, अजून भासते. आपलंच बरोबर होतं असं मी आजही म्हणतो, आणि व्याही त्यांचंच बरोबर म्हणतात. जेवताना त्यावरून पुन्हा जुंपली, पण त्यांनी माझ्या ताटातली मटणाची नळी उचलून स्वतःच्या ताटात घेतली, इतपत जुंपली.

भांडी आवरताना बायको म्हणाली, "आणि मोठा होऊन नकोच म्हणाला तर?" तिच्या त्या झग्यात इतके दिवस काय घडी करून ठेवलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, "म्हणू दे की. त्याचा दिवस त्याचा." व्यापाऱ्याला माल तयार नसताना तयार आहे असं सांगतो ना, तोच आवाज.

नंतर नातवाला बघायला गेलो. दार लोटलेलं होतं. आत व्याही एकटेच पाळण्याशेजारी गुडघ्यांवर बसले होते, आणि माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. हळू आवाजात चाललं होतं, "प्रभू, ह्येला इचारशील तवा ह्यानं न्हाय म्हनू नये. कायबी कर, पन न्हाय म्हनू दिऊ नगंस." ज्याचं त्यानं ठरवायचं, हे सांगणारा माणूस. मी आत गेलो नाही. दाराबाहेर उभ्याउभ्याच, त्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं, आमेन म्हणालो. खाली हे कुणाला बोललो नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगितलं, ते तुमच्याकडं पोचायचं नाही म्हणूनच.