डाव्या अंगाला

ता. ९ फेब्रुवारी, दुपार

चि. चिमण यास,
ताईचा आशीर्वाद. तुझी खुशाली पोचली. तुझ्या गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं, पण जिना सोडून पटांगणात फिरतोस हे बरं करतोस. इकडे आमचं ठीक. स्वयंपाकघरातला गळका नळ एकदाचा बदलला. लेकीचा फोन येतो, नातवाला दात आले. आणि हो, माझं शिवणयंत्र मी झाकून ठेवलंय.

तू दर वेळी विचारतोस, "दुखणं कसं आहे?" आणि मी दर वेळी नळाचं सांगते. आज नीट सांगते.

उन्हाळ्यात डाव्या बरगडीखाली पुरळ उठलं, तेव्हा घामोळं समजून मी पावडर लावत बसले. पाणी भरलेले फोड आले, तेव्हा शेजारीण म्हणाली, "ही नागीण. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो हो!" मी म्हटलं, माझ्या कमरेला वेढा घालायचा तर नागीण अर्ध्या वाटेत दमेल. हसलो दोघी. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "फोड आले त्याच दिवशी यायचं होतंत," म्हणाल्या. लहानपणी तुला-मला एकाच अंथरुणात कांजिण्या आल्या होत्या, आठवतं? ते विष म्हणे अंगातून जातच नाही. नसेच्या मुळाशी दडून राहतं, आणि वय झालं की एक दिवस उठतं. म्हणजे इतकी वर्षं ती माझ्यातच होती, चिमण. मी लोकांचे कपडे बेतत होते, आणि ती आत बसून होती.

खपल्या पडल्या, कातडी बरी झाली. दुखणं मात्र गेलं नाही. नस पोळलीय म्हणतात. पंख्याचा वारा लागला तरी निखारा टेकल्यासारखं होतं. कापड तर सोसवतच नाही. जन्मभर कापडात हात घालून जगलेली मी, स्वतःच्या झग्याची डावी बाजू कापून काढली आणि तशीच घरात वावरू लागले. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, कळ थोडी बोथट व्हायची, एवढंच. एकदा तुझ्या भावजींनी मायेने पाठीवर हात ठेवला, तर मी किंचाळून तो झटकला. नंतर कितीतरी दिवस ते माझ्या जवळ आले की हात मागे बांधायचे.

त्यांचं तुला ठाऊक आहेच. फोटो स्टुडिओ बंद केल्यापासून विसरभोळेपणा वाढतच गेला. लेकीचं नाव आठवत नाही, पण उजेड कुठून येतो ते अजून अचूक कळतं. एका दुपारी मी चहा घेऊन आत गेले, तर खुर्चीतून म्हणाले, "दोघी जरा खिडकीकडे तोंड करा."

"कोण दोघी?"

"तू आणि ही. तिला हात काढायला सांग. कमरेत असं घट्ट धरलेलं फोटोत वाईट दिसतं."

कापलेला झगा बघून काहीतरी बोलले असतील, असं मी मनाला समजावलं. पण मग ते "बघ, बोटं रुतवतेय" म्हणायचे, आणि कळ त्यानंतर यायची. आधी त्यांचे शब्द, मागून कळ. मी पाठमोरी भांडी घासत असले तरी! डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या, "जन्मभर माणसं न्याहाळलीत त्यांनी. कळ यायच्या आधी तुम्ही अंग आखडत असाल." पटलं मला. म्हणजे पटवून घेतलं.

गेल्या गुरुवारी मात्र माझा धीर सुटला. जेवणं झाल्यावर पाटावर बसून रडले, पोरीसारखी. हे उठले, माझ्या डाव्या बाजूला आले, आणि गिऱ्हाइकाशी बोलायचे तशा आदबीने रिकाम्या जागेला म्हणाले, "बाई, ती दमलीय हो. तुम्ही इकडे या. इथे जागा आहे." आणि स्वतःच्या कुशीवर हलकेच थोपटलं.

मी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी अंघोळीला पाणी घेतलं, तर पाणी पाण्यासारखं लागलं. चिमण, तुला काय सांगू! मी कपाटातला चांगला, अंगाबरोबर बसणारा कपडा काढून घातला. आरशासमोर उभी राहिले. बाहेर आले, तर हे खुर्चीत एका अंगाला कलून बसलेले. मी त्यांचा सदरा वर केला. डाव्या बरगडीखाली लाल चट्टा, त्यावर नुकतेच धरलेले बारीक फोड.

रिक्षा थांबवायला मी रस्त्यात मधोमध उभी राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही एकाची दुसऱ्याला अशी लागत नाही. त्यांची त्यांच्या अंगातच होती. बरं केलंत लगेच आणलंत, गोळ्या वेळेवर सुरू होताहेत. तुमच्याइतका त्रास कदाचित होणारही नाही." माझं विचारलं, तर म्हणाल्या, दुखणं असं कधी कधी आपोआप ओसरतं.

"दोन्ही एकदमच?"

त्यांनी हात धुतले. "योगायोग असतात, आजी."

असेल. गोळ्या चालू आहेत, फोड वाढलेले नाहीत. हे मुकाट्याने सोसतात. काल मी औषध लावायला बसले आणि त्या चट्ट्याकडे बघून माझ्या तोंडून शिवी गेली. तर यांनी माझा हात धरला. किती महिन्यांनी! आणि हळूच म्हणाले, "तिला रागावू नकोस. नवीन जागा आहे, बुजलीय."

तू नागिणीवरची लस टोचून घे. साठीनंतर घ्यावी म्हणतात. माझ्यासारखी चालढकल करू नकोस. त्या अंथरुणात तूही होतास. आणि जमेल तेव्हा येऊन जा. यांना माणसांत बरं वाटतं.

राहिलं एवढंच. यांनी त्या रिकाम्या जागेला बोलावलं, तेव्हा "नको" म्हणायला मला वेळ होता. पुरेसा होता. शब्द जिभेवर होता, आणि त्याच क्षणी कळ थोडी सैल झाली. मी तोंड मिटलं. हे वेड्या म्हातारीचं बोलणं समज, पण डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी रोज स्वतःला म्हणून दाखवते आणि रात्री मला गाढ झोप लागते. ती झोप मला कुणाला सांगता येत नाही.

तुझी,
आज कुठेच न दुखणारी,
ताई