भरताच्या भाजीचं नाव

रोहिणी,

आईला बरं नाही म्हणून मी पिंपळवंडीला चालले. उद्याची चंपाषष्ठी तुझ्या एकटीवर आली. देवाला भरीत-रोडगा लागतो. भरताची भाजी टोपलीखाली झाकून ठेवलीय, पण आत्याबाईंसमोर तिचं नाव घेऊ नको.

तुला कुणी सांगितलं नसेल. आत्याबाईंची थोरली लेक, आपली नणंद, लहानपणीच मागच्या विहिरीत गेली. जन्मली तीच काळी, तुकतुकीत, म्हणून सगळे तिला वांगी म्हणायचे. ते नाव कानावर आलं की आत्याबाई हातातलं काम टाकून मागच्या दाराकडं पळत्यात.

म्हणून माझ्या श्रेयाच्या इंग्रजी पुस्तकातला एगप्लांट हा शब्द आम्ही घरात लावला. लई दिवस बरं चाललं. काल दिवेलागणीला आत्याबाई मागच्या दारात उभ्या राहून हाका मारत होत्या, "एगप्लांट, ये गं घरात." मी त्यांना आत आणायला गेले तर म्हणाल्या, "शाळेत हेच नाव घातलंय तिचं. थांब, आता ओ देती बघ."

भरीत कर, नैवेद्य दाखव, पण त्याला नाव कुठलंच घेऊ नको. ही चिठ्ठीही वाचून चुलीत टाक. हिच्यात दोन्ही नावं आहेत.

अश्विनी