नवाबची गाठ

प्रिय शिल्पा,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी हसशील. रोज फोन होत असताना वहिनीला पत्र कुठून सुचलं, म्हणशील. कुठून सुचलं ते सांगतेच, पण मला माझ्या पद्धतीनं सांगू दे. घरी तूर फुलावर आहे, तुझ्या दादांचं गुडघ्याचं रडगाणं चालू आहे आणि नवाब ठणठणीत आहे. त्याच्या गाठीचं तुला तुकड्यातुकड्यानं कळलंय, आणि तेही आई शेजारी बसलेल्या असताना. स्पीकर लावल्याशिवाय त्यांना बोलल्यासारखंच वाटत नाही. तेव्हा आज सगळं सलग ऐक.

दसऱ्याच्या आसपास, सोयाबीनची रास घरात आली त्या आठवड्यात, मी ओट्यावर बसून नवाबच्या अंगावरचे गोचीड काढत होते. खरं तर हे काम आईंचं. पण त्यांना आता बारीक दिसत नाही आणि ते त्या कबूल करत नाहीत, म्हणून त्या औशाच्या बाजाराला गेल्या की मी गुपचूप उरकून घेते. पुढच्या पायाच्या वर, कातडीखाली, बोटाला काहीतरी लागलं. आधी वाटलं, फुगलेला गोचीड असेल. पण हे आत होतं, लिंबाएवढं. दाबलं की तो मान वळवून माझं मनगट दातांत धरायचा, चावायचा मात्र नाही. माझी आई अशाच एका गाठीनं गेली हे तुला ठाऊक आहे. कुत्र्याचं काय एवढं, असं दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर चाललं असतं, मला तसं म्हणता येईना.

तुला फोटो पाठवला. तू म्हणालीस, काहीतरी रुतून आत पू धरलाय, दवाखान्यात नेऊन इंजेक्शनं द्या, गरम पाण्यानं शेका, पिकून फुटेल. तुझे दादा त्याला पोत्यात गुंडाळून, मोटारसायकलवर मांडीत घेऊन औशाला नेत राहिले. गावानं हसून घेतलं. पण आईंचा वैद्य वेगळाच. त्यांनी डब्यातला बिब्बा काढला, सुईला टोचून दिव्यावर धरला आणि त्याचं तेल त्या गाठीवर सोडलं. नवाब असा केकाटला की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला बघू लागली. दुसऱ्या दिवशी तिथले केस गेले, कातडी उतली, फोड आले. मी खोबरेल लावत बसले आणि आई मला दटावत बसल्या. त्यानंतर बिब्बा तापल्याचा वास आला की नवाब शेपूट घालून थेट शेजारच्या गुरुलिंग मामांच्या अंगणात जायचा. आई बाहेर आल्या की मग हळूच परत.

एका सकाळी गाठ फुटली. पुवाबरोबर गवताचं एक लांब कुसळ बाहेर आलं. ते मी तळहातावर घेऊन बघत राहिले, एवढ्याशा कुसळानं सगळ्या घराची झोप उडवली होती. जखम भरली, नवाब परत भाकरीच्या टोपल्याभोवती घुटमळू लागला. आईंनी जाहीर केलं, ‘इंजेक्शनात काय, पाणी असतंय. बिब्ब्यानं वढून काढलं.’ आणि तू व्हिडिओ कॉलवर दोन्ही हात जोडून म्हणालीस, आई, तुझ्या बिब्ब्यानंच बसली गं, आम्ही उगीच उदगीरला जाऊन शिकलो. आपण सगळेच हसलो. मीही. आप्पा गेल्यापासून आईंचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. तू मुद्दाम म्हणालीस हे मला कळत होतं आणि त्याबद्दल मला तुझं कौतुकच वाटलं.

मग काय विचारतेस. गुरुलिंग मामा बैलाच्या खांद्याची सूज दाखवायला आईंकडे आले. आई ऐटीत म्हणाल्या, ‘आमची लेक जनावराची डॉक्टर हाय, तिनंच सांगितलंय, हे औषध लई जालीम हाय.’ मी आत चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होते. तुला आठवतं का, उदगीरहून बसमध्ये पिशवीत घालून तू हे पिल्लू आणलंस तेव्हा आईंनी त्याला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. ‘नवाब असंल तर हैद्राबादला ऱ्हाव म्हणावं.’ आणि आता तो त्यांच्या बाजेखाली झोपतो. त्यांनी कूस बदलली तरी डोळा उघडतो.

म्हणजे झोपत होता. दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं की तो दुपारचा घरात थांबेनासा झालाय. मी म्हटलं, असेल एखाद्या कुत्रीच्या मागं. आणखीही एक बदललं होतं, पण मी ते जोडून पाहिलं नाही. दर सोमवारी आईंची पाठ मी घासून देते. ते त्यांनी बंद केलं. न्हाणीला आतून कडी लावायला लागल्या. मला वाटलं, माझ्यावर रुसल्या. काय बोलले असेन, हे आठवत बसले आणि त्यांच्या आवडीचं धपाटंही करून पाहिलं.

परवा दुपारी मी अंगणात तांदूळ निवडत होते. नवाब बाजेखालून एकदम उठला आणि शेपूट घालून गुरुलिंग मामांकडे पळाला. त्याला कुणी हात लावला नव्हता. मग वास मलाही आला. मी आत गेले. आई पाठमोऱ्या बसल्या होत्या, चोळीची गाठ सुटलेली, पुढ्यात दिवा, हातात सुईला टोचलेला बिब्बा. डाव्या छातीला, काखेच्या बाजूला, नवाबला पडला होता तसाच काळा गोल डाग. कातडी सोललेली. मी डागाच्या कडेनं हात लावला तर खाली घट्ट, हलत नाही अशी गाठ. कधीपासून आहे, हे त्या सांगत नाहीत. घाईनं चोळी आवरून घेत म्हणाल्या, ‘नवाबची बसली की. माजीबी बसंल. शिल्पानंच म्हणलंय न्हाई का.’

लातूरला चला म्हणून मी हात जोडले, रडले, भांडले. त्यांचं एकच, घरात डॉक्टर असताना दुसऱ्या डॉक्टरासमोर अंग उघडं करायचं न्हाई. तपासणारी बाईच असेल, असंही मी सांगितलं. वरून त्यांनी मला गळ्यातल्या इष्टलिंगाची शपथ घातली, शिल्पाला फोनवर एक शब्द बोलायचा नाही आणि तुझ्या दादांच्याही कानावर घालायचं नाही. ती शपथ मी पाळतेय. पत्राचं त्या काही बोलल्या नाहीत.

शिल्पा, मला भीती वाटते. माझ्या आईच्या वेळी मी लहान होते, मला कुणी काही विचारलं नव्हतं. या वेळी मी घरात आहे, माझ्या हाताला ती गाठ लागलेली आहे, आणि माझं कुणी ऐकत नाही. त्या तुझंच ऐकतात. मी सांगितलं की इंजेक्शनानं गाठ फुटली आणि कुसळ निघालं, तर त्या म्हणतात, तुला काय कळतंय, शिल्पाला विचार. म्हणून तू ये. किनवटहून रेल्वेनं नांदेडला उतर, तिथून लातूरची बस धर, पुढं औशाला मी येते. आईंच्या समोर बस आणि सांग, ‘आई, तुला बरं वाटावं म्हणून मी तसं म्हणाले होते.’ त्या चिडतील, चारचौघांत माझी फजिती केलीस म्हणतील, तुझ्याशी बोलणार नाहीत. न बोलू देत. नवाबची गाठ बिब्ब्यानं बसली नव्हती, एवढं एक वाक्य त्यांनी तुझ्याच तोंडून ऐकायला हवं. तेवढ्यासाठी ये, फोन न करता.

तुझीच,
महानंदा वहिनी