प्रत्येक वाक्य दोनदा

मंगळवार, ४ नोव्हेंबर

मिळालं! मलाच मिळालं!

गेल्या आठवड्यात एक सत्तरीच्या बाई स्टँडवर दोन तास बसची वाट बघत होत्या. बस आली, लागली, सुटली — ह्या आपल्या बसूनच. शेवटी तिकिटांच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, ‘बस गेली खड्ड्यात. मघापासून बोलतेय ती कोण, ते सांगा.’ ती मी! पंधरा वर्षं त्याच माईकवर ‘कृपया लक्ष द्या’ म्हणतेय, आणि आजवर एकानेही दिलं नव्हतं.

बाईंचा छापखाना आहे. त्याआधी शाळेत इंग्रजी शिकवायच्या. आता रोजच्या इंग्रजी वाक्यांचं पुस्तक काढतायत आणि त्यातला धडा न् धडा ऐकायलाही मिळणार — माझ्या आवाजात. मी म्हटलं, बाई, मला वाचता येतं, कळतं, पण बोलायला गेले की दातखीळ बसते. तर म्हणाल्या, ‘मग तूच हवीस. फाडफाड बोलणारीला ऐकून शिकणारा घाबरतो.’

म्हणजे सकाळी सहा ते दोन स्टँड, तीन ते पाच छापखान्याच्या वरची खोली. भिंतींना गाद्या ठोकल्यात. मधे काच. अलीकडे मी, आणि कोपऱ्यात प्रुफं तपासत बाई. काचेपलीकडे आवाज टिपणारा माणूस — चाळिशीचा, कानांवर ही मोठाली यंत्रं. माझ्या बाजूच्या कर्ण्यातून बोलतो, पण त्याला दोनच शब्द येतात. ‘ठीक’ आणि ‘परत’. मी त्याचं नाव ठेवून टाकलं — ठीकराव.

नियम एकच. प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायचं, आणि दर वेळी पुढे तेवढीच शांतता सोडायची, शिकणाऱ्याला म्हणून बघता यावं म्हणून. त्या शांततेत मी बघायचं कुठे? काच सोडून तिथे बघण्यासारखं काहीच नाही!

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज तक्ता. डावीकडे उभे आय, यू, ही, शी, इट, वी, दे. वर आडवे कॅन, मे, माइट, मस्ट, शुड, विल. कोणालाही कोणाशी जोडा, जमतं! आय कॅन गो, यू कॅन गो, ही कॅन गो... मी पाढ्यांच्या चालीत म्हटलं. ठीकराव म्हणाला, ‘परत.’ पण हसत होता. दिसलं मला.

एक गंमत कळली. आपल्याकडे तो जाऊ शकतो, ती जाऊ शकते, ते जाऊ शकतात — माणूस बदललं की शेपूट बदलतं. तिकडे कॅन ढिम्म. राजा येवो नाहीतर मांजर येवो, जागचा हलत नाही. ‘आय कॅन गो’ म्हटलं तर बाई बोलतेय की बुवा, कुणाला पत्ता नाही.

रात्री भांडी विसळताना सगळ्यांना माणसं वाटून टाकली. शुड म्हणजे आत्या. (‘तू जरा केस नीट बांधत जा. तू आता विचार करायला हवा.’) मस्ट म्हणजे डेपो मॅनेजर. मे म्हणजे दुपारची सव्वाबाराची बस. माइट म्हणजे तिकिटांच्या खिडकीतल्या माझ्या मैत्रिणीचा (मी तिला खिडकीच म्हणते) नवरा — ‘भाजी आणीनही कदाचित.’ विल कोणाला द्यावा ते सुचेना. ठेवून दिला.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घसा बसला. फलाट तीनवर दोन बसेस एकदम लागल्या आणि मी माईक बंद असताना तारसप्तकात ओरडले. छापखान्यात गेल्या गेल्या नेहमीसारखी टकळी सुरू — मॅनेजरने काय म्हटलं, मी काय म्हटलं, घसा कसा गेला. खोलीत पाय ठेवला की दिवसभराचं सगळं भडाभडा सांगितल्याशिवाय मला इंग्रजी सुचत नाही. बाई प्रुफांतून मान वर करत नाहीत. ठीकरावच्या कानावर यंत्रं, तोही मुकाट. मग काय, मोकळं रान.

शनिवार, ८ नोव्हेंबर

हे लिहायलाच हवं. लगेच. हात धुतलेले नाहीत अजून.

रोजचा धडा टाइप करून येतो, ठीकराव तो कागद काचेखालच्या फटीतून सरकवतो. आजचा कागद : ‘शी शुड नॉट शाउट. शी मस्ट रेस्ट. वी कॅन वेट.’

तिने ओरडू नये. तिने आराम केलाच पाहिजे. आम्ही थांबू शकतो!

आणि माईकशेजारी पेल्यात कोमट पाणी. वर बशी झाकलेली.

योगायोग. असेल. असू दे!

सोमवार, १० नोव्हेंबर

योगायोग नाही! परवा निघताना चपलेचा अंगठा तुटला होता, फरफटत जिना उतरले, सगळ्या खोलीला ऐकवत. आजचा कागद — ‘माय शू इज ब्रोकन. कॅन यू हेल्प मी? यस, आय कॅन.’ आणि माईकशेजारी गोंदाची नळी! नवी, टोपण न उघडलेली!

‘यस, आय कॅन’ दोनदा म्हटलं तेव्हा आवाज इतका थरथरला की तो म्हणाला, ‘परत.’ मग परत थरथरला.

आणि ह्या ‘यू’ची तर वेगळीच मजा. त्यात तू-तुम्ही काही नाही. मी त्याला अहो-जाहो करते, म्हणजे करीन, बोलणं झालं तर. पण काचेतून बघून ‘यू’ म्हणताना मनात मी सरळ ‘तू’ म्हटलं. कोण पकडणार? व्याकरण माझ्या बाजूने!

छत्तीस वर्षांची घोडी झालेय आणि उड्या बघा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

खिडकीला सांगितलं. तिने तिकीट फाडता फाडता ऐकलं. म्हणाली, ‘वाच बघू एखादं.’ वाचलं : ‘शी मस्ट गेट अप अर्ली. ही माइट मेक टी.’ तर म्हणते, ‘अगं, हे तर माझंच आहे! त्याने मला कुठे पाहिलं?’ आणि खो खो हसली. मग जरा गंभीर होऊन — ‘रोजची वाक्यं आहेत गं. कोणालाही लागू पडतात. राशिभविष्यासारखी.’

मेलीने विरजण घातलं.

पण गोंद? गोंद राशिभविष्यात येतो का?

बुधवार, १२ नोव्हेंबर

आत्याने तिच्या ओळखीतल्या एका ‘चांगल्या माणसा’ची भेट ठरवलीये. रविवारी चार वाजता, घरी. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी हो की नाही सांगायचं. ‘बळजबरी नाही,’ म्हणाली, ‘पण मी काय जन्माला पुरणारेय का?’ आई गेल्यापासून तिनेच केलंय माझं सगळं. तिला नुसतं नाही म्हणायला जीभ उचलत नाही. नाही म्हणायचं तर हातात काहीतरी हवं. माझ्या हातात काय आहे? गोंद.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

खोलीत गेले आणि सांगितलं. मुद्दाम. रविवार, चार वाजता, शनिवारपर्यंत उत्तर, गिरणीमागच्या गल्लीत वरचा मजला, जिना पडका आहे म्हणून आत्या पाहुण्यांना खालूनच हाक मारायला सांगते — काहीही गरज नसताना पत्तासुद्धा सांगितला! बाई म्हणाल्या, ‘हं.’ ठीकरावने एका कानावरचं यंत्र जरासं सरकवलं आणि परत बसवलं.

बाकी सगळं जाऊ दे. ते यंत्र सरकवलं होतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आजचा कागद : ‘शी मे से यस. शी मे से नो. दे शुड नॉट हरी हर.’

ती हो म्हणेल कदाचित. ती नाही म्हणेल कदाचित. त्यांनी तिला घाई करू नये. डोळ्यांत पाणीच आलं. अख्ख्या जगात एक माणूस म्हणतोय की घाई करू नये!

बाई खाली मशीनकडे गेल्या होत्या. मी तिन्ही वाक्यं नीट दोनदोनदा म्हटली. शेवटची शांतता सुरू झाली. आणि मग माझ्या तोंडून, कागदावर नसलेलं, माझं स्वतःचं, आयुष्यातलं पहिलं इंग्रजी वाक्य —

‘ही शुड आस्क हर.’

त्याने तिला विचारायला हवं. दातखीळ-बितखीळ काही नाही, लोण्यातून सुरी जावी तसं आलं! काचेपलीकडे त्याने बटण दाबलं. कर्ण्यातून नुसती खरखर. मग म्हणाला — ‘परत.’

परत!! नियमच आहे ना, प्रत्येक वाक्य दोनदा! मी परत म्हटलं. आधीपेक्षा स्पष्ट, फलाटावर म्हणते तसं. तो म्हणाला, ‘ठीक.’

घरी कशी आले आठवत नाही. जिन्याची पडकी पायरी बहुतेक उडूनच ओलांडली. आत्या म्हणाली, ‘खुळी झालीस का?’ मी म्हटलं, ‘आय माइट!’

शनिवार, १५ नोव्हेंबर

धरणी पोटात घेईल तर बरं.

आत्याला संध्याकाळी उत्तर द्यायचं होतं, म्हणून खात्री करून घ्यावी ह्या शहाणपणाने लवकर गेले. तो आला नव्हता. बाईंना म्हटलं, ‘धडे किती छान लिहितात ना ते.’

‘ते कोण?’

मी काचेकडे बोट केलं. बाई चष्म्यावरून बघतच राहिल्या. ‘तो? तो बटणं दाबतो गं. धडे मी लिहिते. रोजची वाक्यं रोज नवी आणू कुठून? तू आल्या आल्या तासभर सांगतेस ना — घसा, चपला, आत्या. घरी जाऊन तेच लिहून काढते. वा, काय सांगतेस पण तू! सगळी वाक्यं जिवंत!’

म्हणजे मी बडबडायचे आणि दुसऱ्या दिवशी माझीच बडबड इंग्रजीत वाचून लाजायचे.

आणि काल! एका बिचाऱ्या माणसाला, ज्याने मला जन्मात एक वाक्य लिहिलेलं नाही, मी सांगितलं की विचार म्हणून. आणि त्याचं ‘परत’ — अगं बये, ते चुकलं म्हणून परत! धड्यात नाही ते बोललीस, नीट म्हण! आणि मी बिनडोक, तेच दुसऱ्यांदा ठणकावून म्हटलं!

डोकं दुखतंय सांगून निघाले. जिन्यात तोच भेटला. भिंतीला चिकटून मला वाट दिली. मी वर बघितलं नाही.

आत्याला म्हटलं, येऊ देत चार वाजता. आत्याने माझ्या गालाला हात लावला. खूश झाली. तेवढं तरी झालं.

रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

घर आवरलं. बिस्किटं आणली. निळी साडी. आत्या म्हणते तोंड का उतरलंय. म्हटलं घसा. मनात आलं, चला, विल कुणाला द्यायचा ते तर ठरलं. चारवाल्यांना.

गोंदाची नळी फेकायला काढली आणि तशीच हातात धरून बसलेय. हे बाईंनी ठेवलं असेल असं काही वाटत नाही. त्या स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधतात.

रविवारच, संध्याकाळ

खालून हाक नाही, काही नाही. पडकी पायरी ओलांडून सरळ दारात ठीकराव! कानांवर यंत्रं नाहीत, ओळखूच येईना. एका दमात म्हणाला, ‘वाक्यं बाईंची होती. पाणी आणि गोंद माझं.’ मग तुटला धीर. एक पाय उंबऱ्याबाहेरच, घामाघूम, म्हणाला, ‘मे आय?’ मी म्हटलं, ‘यू मे.’ आतून आत्या ओरडली, ‘कोण गं? चारचे आले का?’

‘नाही आत्या, हे साडेतीनचे!’

दोनदा म्हटलं.