देवमनची उरलेली दवंडी

प्रिय देवश्री,

हो, काल फोन मीच कापला. "रश्मी, सरकारी कागदात आहे तेच छापलं," हे तू तिसऱ्यांदा म्हटलं, मग काय करू? कागद खोटा नाही गं. अर्धा आहे.

अमरावतीच्या होस्टेलात एका ताटात जेवलो आपण, तेवढ्यासाठी तरी ऐक. तुह्या स्मरणिकेत, पान अकरावर: '१९३०च्या जंगल सत्याग्रहाविरुद्ध फितूर कोतवाल देवमन यानं दवंडी दिली.' दिलीच. गावकीचं कामच होतं ते, अन् देवमन माहा पणजोबा. सभेवर बंदी होती, सत्याग्रहाची वेळ गावाले सांगावी कोणी? फौजदारानं हुकूम दिला, राखीव रमन्यात, म्हणजे सरकारी कुरणात, गवत कापाल तर अटक, हे गावभर सांग. यानं सांगितलं, फक्त पदरचं थोडं जोडलं. "उद्या सकाळी सात वाजता, नाल्याकडच्या रमन्यात जो इळा घेऊन येईन, त्याले अटक होईन हो!"

देवळापुढं तो पायरीखाली उभा राह्यला. वर चढाची मनाई होती. वर तुहे पणजोबा, पुजारी वामनराव. त्यांनी मुद्दाम विचारलं, "किती वाजता म्हणतं रे?" यानं पुन्हा डफडं वाजवलं. दर्ग्यापाशी मुजावर ओरडले, "कौनसा रमना, देवमन? जरा जोर से!" फौजदार सोबतच चालून राहिला होता. खूश होता, माणूस काम चोख करते म्हणून. सकाळी देवळाचा, दर्ग्याचा अन् आमचा, तिन्ही मोहल्ले रमन्यात हजर! आमचे आबा, देवमनचे लेक, हे सांगतात तेव्हा हसता हसता त्यांले ठसका लागते.

वामनराव तुरुंगात गेले, त्यांचं नाव छापलं, बरोबरच आहे. देवमनचं डफडं पोलिसांनी फोडलं, ते कोण लिहून ठेवते?

तुह्या मनात वाईट नाही, मले ठाऊक आहे. म्हणून तर आज चार वाजता गावच्या कार्यक्रमात पहिली प्रत तू आबांले देणार. पण आबा छापलेलं काहीही उभ्यानं, मोठ्यानं वाचतात, ओळीखाली बोट धरून. सत्त्याऐंशीव्या वर्षी स्वतःच्या बापाले साऱ्या गावापुढं फितूर वाचतील ते. त्याच्या आधी माइक तू घे, अन् उरलेली दवंडी सांग. बेल वाजवत नाही. तू दार उघडशीन अन् आपण पुन्हा भांडू. चिठ्ठी दाराखालून सरकवते. गावाकडची, बाळापूरची गाडी सुटाची आहे, आबांले तयार कराचं आहे. निघाली मी.

तुहीच,
रश्मी